अर्धा शब्द कांद्याचा

माझं पहिलं छापील लिखाण भज्यांच्याही कामाचं निघालं नाही. बस थांब्यावरच्या भजीवाल्यानं त्याचा गठ्ठा फुकट नेला आणि चौथ्या दिवशी परत आणून आमच्या ओट्यावर ठेवला. कागद गुळगुळीत, तेल पीतच नाही. आदिलाबादच्या बसची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर ओघळ उतरत होते. "सरकारी कागद हाय ताई," तो म्हणाला, "काईच आत घेत नाई." त्या लिखाणावर आजवर झालेली ही सगळ्यात नेमकी समीक्षा.

ते लिखाण म्हणजे धानावरच्या एका किडीबद्दलचं पत्रक होतं. वर सरकारी चिन्ह, खाली खात्याचं नाव, मधला मराठी मजकूर माझा. त्यात मी एक शब्द चुकवला, आणि त्या एका शब्दापायी आमच्या गावातल्या एका बाईचं कांद्याचं बी कायमचं संपायला आलं होतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा मराठी शाळेत मास्तर होते. त्यांच्या आधी आमच्या घरात कुणी स्वतःच्या नावाची सही केली नव्हती. सगळे दुसऱ्यांच्या शेतात राबले. बाबांनी लोखंडी पेटीत पत्रकं साठवली होती: विहिरीची, मजुरीची, जयंतीची, अंगात येण्याच्या ढोंगाची, शाळेला मराठीचे मास्तर मिळत नाहीत याची. दुसऱ्या घरांत पोरांना राजाराणीच्या गोष्टी सांगत, मला बाबा पत्रकं वाचून दाखवत. सात वर्षांची असताना मला 'जाहीर निषेध' लिहिता येत होतं. 'परी' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

पत्रक कसं असावं याबद्दल बाबांची मतं पक्की आहेत. खाली लिहिणाऱ्याचं नाव पाहिजे. बिननावाचं पत्रक म्हणजे भिंतीवर थुंकून पळणं. कुणी पत्रक तपासायला आणलं की ते ऱ्हस्व-दीर्घ नंतर पाहत. आधी एकेका वाक्याखाली बोट ठेवून विचारत, "हे डोळ्यानं पाह्यलं का?" पाहिलं नसेल तर ज्यानं पाहिलं त्याला बोलावून आणायला लावत. त्या बोटापायी गावातली निम्मी क्रांती आमच्या ओट्यावरच अडली, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे आणि आम्ही हसायचो.

कृषी खात्याच्या एका साहेबाला दोन्ही भाषा येणारं माणूस हवं होतं, आणि त्याला मी सापडले. साहेब तेलुगू मुलखातला. आमच्या भागात तीन वर्षं काढून त्यानं मराठीतला एकच शब्द कमावला होता, नमस्कार, आणि तोही तो फोटो काढताना वापरायचा. शेतकऱ्यांशी तो हिंदीत बोलायचा, घरमालक रखवालदाराशी बोलतो तसं. त्यानं माझ्यासमोर तेलुगू पत्रक सरकवलं आणि म्हणाला, "जरा तर्जुमा कर दो, सीधा-सीधा." मी विचारलं, खाली माझं नाव येईल का. तो हसला. सरकारी पत्रकावर नाव नसतं, ती सगळ्या खात्याची जबाबदारी असते, असं त्यानं समजावलं. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, हे मला तिथेच कळलं होतं. छापून येण्याची हाव त्याहून मोठी होती.

पत्रकाच्या मथळ्यात शब्द होता उल्लिकोडू.

माझ्या तेलुगूबद्दल एक सांगायला हवं. आमचं गाव मराठी बोलणारं, पण राज्य तेलुगू; म्हणून सातवीपर्यंत मी मराठी शाळेत, आठवीपासून तेलुगूत. पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. मग मी ती भाषा अशी घोटली की दहावीला त्या विषयात शाळेत पहिली आले. अपमानातून शिकलेल्या भाषेचा माणसाला फार गर्व होतो, आणि त्या गर्वापायी तो कुणाला काही विचारत नाही. उल्ली म्हणजे कांदा; बाजारात रोज 'उल्लिगड्डा' ऐकतो आपण. उरलेल्या अर्ध्याचा मी कोंब केला. शब्दाचे दोन तुकडे केले, दोन्ही तुकडे मला येत होते, म्हणून अख्खा शब्द येतो असं समजले. शब्दकोश घरात होता. पेटीच्या वरच होता.

तेलुगू पत्रकाचं म्हणणं सरळ होतं. ही डासाएवढी माशी धानात वाढते, पण धान बाराही महिने नसतं. शेत रिकामं असतं तेव्हा ती बांधावरच्या गवतात आणि रानटी धानात तग धरते. पाऊस सुरू झाला की तिथेच तिची एखादी-दुसरी पिढी निघते, आणि लावणी झाली रे झाली की माश्या शेतातल्या कोवळ्या रोपांवर उतरतात. म्हणून लावणीआधी बांध साफ करा. मी लिहिलं: 'कांद्याच्या कोंबावरील ही कीड धान नसताना बांधालगतच्या वनस्पतींवर जगते. अशा वनस्पती लावणीपूर्वी उपटून नष्ट कराव्यात.' वाक्य वाचून मी स्वतःवर खूश झाले. 'बांधालगतच्या' हा शब्द मला फार भारदस्त वाटला होता.

बाबांना मी ते दाखवलं नाही. त्यांना तेलुगू येत नाही, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण ते बोट.

पत्रकं आली आणि गठ्ठ्यानं खत-औषधाच्या दुकानात जाऊन पडली. त्या दुकानदाराचं धान तळ्याखाली आहे. आमच्याकडे सगळं शिवार कपाशीचं नि ज्वारीचं. धान करतात ते तळ्याखालचे पाच-सहा जण, आणि त्यांत सगळ्यात मोठा तुकडा याचा. दुकानापुढच्या बाकावर बसून तो सगळ्या पिकांचं निदान करतो. रोगाचं नाव त्याला ठाऊक नसतं, डब्याचा रंग ठाऊक असतो. निवडणुकीच्या वर्षी त्याच्या गळ्यातला रुमाल तीनदा बदलतो. वाचणाऱ्याला वाटेल की मोसमाप्रमाणे झाड बदलणाऱ्या किडीवर लिहायला बसली, म्हणजे ही आता पक्ष बदलणाऱ्यांवर घसरणार. घसरत नाही. त्या माशीचा अपमान होईल. ती निदान पिलांसाठी जाते.

आदल्या साली त्याच्या धानाला नळी लागली होती. रोपाचा मधला पोंगा पानासारखा उलगडायच्या ऐवजी पांढुरकी, पोकळ नळी होऊन वर येतो, आणि त्या फुटव्याला लोंबी धरत नाही. गावात त्या रोगाला नुसतं 'नळी' म्हणतात. तेलुगू पत्रकातला उल्लिकोडू तो हाच. दुकानदारानं त्यावर स्वतःच्याच दुकानातलं सगळं काही मारून पाहिलं होतं. आता त्यानं माझं पत्रक फोनपुढे धरून मोठ्यानं वाचलं आणि तो आवाज तळ्याखालच्या लोकांच्या ग्रुपवर सोडला. शेवटी स्वतःचं भाष्य जोडलं: "कांदा! मी म्हनतच होतो." तो असं काहीही म्हणत नव्हता.

धानाला लागून, बांधाच्या पलीकडे, कांदा एकाच ठिकाणी होता. आक्काच्या तुकड्यात.

आक्का माळीण. भाजीपाला करते, आठवड्याच्या बाजारात स्वतः बसते. तिची सासू आमच्या घरचं पाणी पीत नसे. आक्का चहा पिते आणि कप स्वतः विसळून पालथा घालते. त्याचा अर्थ काय लावायचा हे मी अजून ठरवलेलं नाही. तिचा कांदा बुटका, चपटा, गर्द लाल, आणि दुकानात त्याचं पाकीट मिळत नाही. सासूनं राखलेलं बी आहे ते. दरसाल काही कांदे परत लावायचे, त्यांना दांडे येऊ द्यायचे, उन्हाळ्यात बोंडं वाळली की काळं बी झाडून ठेवायचं. हे बी धान्यासारखं कणगीत टिकत नाही. वर्ष उलटलं की मरतं. म्हणून जेवढं निघेल तेवढं आषाढाच्या आधी सगळं टाकावं लागतं. त्या साली तिच्या सगळ्या बियांचे तीन वाफे उगवले होते, रोपं दोऱ्याएवढी होती. ती गेली असती तर ते बी जगात कुठेच उरलं नसतं.

एका दुपारी ती पत्रक घडी करून पदरात बांधून आली. तळ्याखालचे चौघे तिच्या बांधावर येऊन गेले होते. परवापर्यंत वाफे उपट, नाहीतर आम्ही ट्रॅक्टर घालतो, असं सांगून गेले होते.

"गुरुजी, हे वाचून सांगा बरं," ती म्हणाली. "कागदात लिवलं म्हन्ते माह्या कांद्याचं."

बाबांनी चष्मा लावला. दुसऱ्या वाक्यावर बोट थांबलं. मग त्यांनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"कोणी लिहिलं हे? खाली नाव नाही."

"मी," मी म्हणाले. आवाजात जे होतं त्याला अभिमान म्हणतात.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला, फक्त या खेपेला हळू. "कांद्यात ही कीड तू डोळ्यानं पाह्यली का?"

मी भडकले. म्हणाले, शास्त्र डोळ्यांवर चालत नसतं. मग बाबांना सोडून मी आक्काकडे वळले आणि तिला ओट्यावर बसवून शिकवलं. ही कीड स्वतः घर बांधत नाही, रोपाकडून बांधून घेते. रोपाला वाटतं आपण पान काढतो आहोत, आणि ते किडीची खोली काढत असतं. एक झाड संपलं की दुसरं धरायचं, हा तिचा जगायचा हिशोब. तुझे वाफे राहिले तर सगळ्यांचं धान जाईल. एकाच्या हितापेक्षा सगळ्यांचं हित मोठं. पेटीतल्या पत्रकांमधली जेवढी मोठी वाक्यं मला पाठ होती, तेवढी मी त्या बाईच्या तीन वाफ्यांवर टाकली. एक जाडजूड वाक्य तर मजुरीच्या पत्रकातलं होतं, जमीनदाराविरुद्ध लिहिलेलं. ते मी आक्काविरुद्ध वापरलं.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "खरंच तूच लिवलं का पोरी हे?"

"हो."

"दुकानातल्यानं सांगतलं, ते मी मनावर घेतलं नवतं." तिनं कप विसळला, पालथा घातला. "गुरुजीच्या पोरीनं लिवलं तं खरंच असन. उपटतो."

बाबा म्हणाले, "आक्का, उद्या सकाळपर्यंत थांब. तळ्यावर जाऊन पाहू."

ती पत्रक पुन्हा पदरात बांधून निघाली. मी मात्र त्या संध्याकाळी फार सुखात होते. आपण लिहिलं आणि जगात काहीतरी हललं, असं वाटत होतं.

सकाळी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. बाबांनी शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं भिंग घेतलं होतं आणि दाढीचं एक पातं. आक्का पाठीमागून चालत होती. काठावर देवभात, म्हणजे पत्रकातलं ते रानटी धान, उगवला होता. न पेरता येतो तो. जुन्या बाया उपासाला त्याचे दाणे झाडून आणायच्या. बाबा गुडघ्याएवढ्या चिखलात उतरले आणि एकेक बेट फाकवून पाहू लागले. मला ते सगळं हास्यास्पद वाटत होतं. चौथ्या-पाचव्या बेटात त्यांना सापडलं. हिरव्या पानांत एक पांढुरकी नळी, गोल, टोकाला बंद. त्यांनी ती बुडातून कापून पात्यानं उभी चिरली. आत पोकळ, आणि तळाशी लालसर ठिपक्याएवढी अळी. शेजारच्या नळीच्या टोकाला एक फिकट साल चिकटलेली होती, माशी निघून गेल्यावर उरलेली, रिकामी.

"ही गेली," बाबा म्हणाले.

"कुठं?"

"तुझ्या पत्रकात पाहा."

आक्का वाकली. तिनं एक नळी खुडली, दोन बोटांत धरून दाबली. ती फट्कन फुटली. तिनं बोटं नाकाशी नेली, वास घेतला, आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "हे तं कांद्याच्या पातीवानीच हाय."

माझा पाय चिखलात होता आणि तो तिथेच राहिला. कांद्याच्या पातीसारखी नळी. उल्लिकोडू. ज्या कुणी तेलुगू शेतकऱ्यानं हा शब्द पहिल्यांदा तोंडातून काढला, त्यानं आक्कासारखं बोटांत धरून, दाबून काढला असेल. कांद्याचा आणि या किडीचा संबंध तोंडावळ्यापुरता. एका अक्षरओळख नसलेल्या बाईनं जो शब्द तीन सेकंदांत फोडला, तो मला तेलुगूत पहिली येऊन फुटला नव्हता.

मी ते दोघांना सांगितलं. नीट सांगता आलं नाही. बाबा पातं पुसत राहिले.

"म्हंजे कांद्यात काईच नाई?" आक्कानं विचारलं.

"काही नाही."

"माहे दोन वाफे तं गेले." तिनं हात पुढे केले. बोटांच्या पेरांत हिरवं होतं, आणि आता मला वास आला. "कागदात नष्ट करा होतं म्हून चुलीत घातले. दोन तुह्या लिवण्यापाई उपटले. एक गुरुजी थांब म्हनले म्हून ठेवला."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मी भांडणात वाईट नाही.

उरला एक वाफा, आणि ट्रॅक्टरला एक दिवस. मी तडक दुकानावर गेले. दुकानदाराला सांगितलं की पत्रकात चूक आहे, कांद्यात ही कीड राहत नाही. त्यानं माझ्यासाठी बाकावर जागा केली, हे त्याचं सौजन्य.

"छापलं हाय ना?" तो म्हणाला.

"छापलंय, पण चुकीचं."

"तूच लिवलं म्हन्ते, आन् तूच खोटं म्हन्ते. मंग कोनतं खरं धरू, आधीचं का आताचं?"

बाकावरचे हसले. मी आजवर त्या माणसाबद्दल जे जे वाईट लिहिलंय त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही, पण हा प्रश्न योग्य होता, आणि तो त्यानं विचारावा याचा मला त्याच्याहून जास्त राग आला. त्यानं शेवटी अट घातली: साहेबाकडून कागदावर आण, मंग पाहू.

मी बस धरून साहेबाकडे गेले. कचेरीत तो एका तरुणाकडून स्वतःचे फोटो निवडून घेत होता. प्रत्येक फोटोत तो एका शेतकऱ्याला पत्रक देत होता. शेतकरी वेगळे, पत्रक तेच, बहुतेक एकच प्रत. मी चूक सांगितली. तो दचकेल असं मला वाटलं होतं. त्यानं मान डोलावली, जणू मी हवामान सांगितलं.

"मतलब तो निकल गया ना," तो म्हणाला. "बाँध साफ करो, यही बोलना था."

मी म्हणाले, एका बाईचे वाफे उपटले गेले. तो म्हणाला की अहवाल वर गेला आहे, आता दुरुस्ती काढली तर चूक झाली असं दिसेल. झाली आहेच, मी म्हणाले. हो, पण आत्ता दिसत नाही, असं तो म्हणाला, आणि हे वाक्य त्यानं मला समजावणीच्या सुरात सांगितलं, धाकट्या बहिणीला सांगावं तसं. मग उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा त्यानं आनंदानं माझ्या हाती दिला. तोच पुढे भजीवाल्याकडे गेला.

त्या माणसावर संतापायला सुद्धा जागा नव्हती. संताप कुणावर तरी करावा लागतो. तिथे एक खुर्ची होती आणि एक शर्ट होता.

परतीच्या बसमध्ये मी दुसरं पत्रक लिहिलं. दीड पान झालं. साहेबाला त्यात तीन विशेषणं होती, दुकानदाराला पाच, सरकारी यंत्रणेला एक परिच्छेद. ते पत्रक फार चांगलं होतं, अजून माझ्याकडे आहे. घरी येऊन बाबांपुढे ठेवलं. या खेपेला मीच ठेवलं.

बोट फिरू लागलं. "ह्यो साहेब निर्लज्ज आहे, हे डोळ्यानं पाह्यलं?"

"पाहिलं."

"ठीक. पण त्यानं वाफा वाचतो का?" त्यांनी ओळ खोडली. दुकानदाराची विशेषणं गेली. यंत्रणेचा परिच्छेद गेला. मी प्रत्येक ओळीसाठी भांडले. ते म्हणाले, पत्रकात शिव्या असल्या की लोक शिव्या वाचतात आणि हसून घरी जातात. शेवटी उरलं ते एवढं:

'धानाच्या नळीबद्दलच्या पत्रकात कांद्याचं नाव आलं आहे. ते चूक आहे. चूक माझी आहे. ही कीड कांद्यावर जगत नाही, तळ्याकाठच्या देवभातावर आणि बांधावरच्या गवतावर जगते. ज्याला डोळ्यानं पाहायचं असेल त्याला उद्या सकाळी तळ्यावर दाखवू.'

शेवटचं वाक्य बाबांचं. खाली माझं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट. फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढल्या आणि तिन्हीसांजेच्या आत दुकानापुढे उभी राहून मी ते मोठ्यानं वाचलं. 'चूक माझी आहे' हे तीन शब्द मी भरभर वाचून टाकले. बाकावरच्या एकानं ते पुन्हा वाचायला सांगितलं, ऐकू आलं नाही म्हणून. ऐकू आलं होतं. मी पुन्हा वाचलं.

सकाळी पाच जण आले. दुकानदार बूट घालून आला, म्हणजे चिखलात उतरायची त्याची तयारी नव्हती. बाबा काठानं चालत गेले आणि चालत चालत त्याच्याच बांधावर पोचले. तिथे गवत सगळ्यात दाट होतं; म्हशीसाठी तो ते राखतो. बाबांनी पातं मला दिलं. मी वाकले, त्या गवतातलं देवभाताचं एक बेट फाकवलं, नळी शोधली, चिरली, आणि तळहातावर ठेवून सगळ्यांपुढे धरली. अळी वळवळत होती. एकेकानं भिंग लावलं. दुकानदारानं भिंगातून पाहिलं, मग भिंगाशिवाय पाहिलं. मग आक्काच्या वाफ्यातली दोन रोपं उपटून मी ती तशीच चिरून दाखवली. ती दोन रोपं उपटताना आक्कानं तोंड फिरवलं.

"म्हंजे कांदे बाइज्जत सुटले म्हना," दुकानदार म्हणाला, आणि बूट झटकत निघून गेला.

कुणी आक्काला काही म्हणालं नाही. माफी वगैरे शब्द आमच्या तळ्याखाली उगवत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या गड्यांनी त्याचा बांध सोलून काढला, आणि आठवड्याभरात तो बाकावर बसून सांगत होता की गवताचं मी पहिल्यापासून म्हणत होतो. पुढे साहेब येऊन साफ झालेल्या बांधाचा फोटो काढून गेला. पत्रक परिणामकारक ठरलं असं त्यानं कुठेतरी लिहिलं असणार.

एका वाफ्याचा कांदा दिवाळीनंतर निघाला. आक्कानं त्यातला एकही विकला नाही, घरात एकही चिरला नाही. बाजारात तिच्यापुढे भेंडी आणि वांगी असायची. नेहमीच्या बाया विचारायच्या, आक्का, काऊन ओ, तुमचा कांदा नाही दिसत यंदा. ती सांगायची, "यंदा पत्रकानं खाल्ला." मी तिच्या शेजारी उभी असले तरी सांगायची. सगळे कांदे तिनं परत लावले. थंडीत दांडे आले, त्यांवर पांढरे गेंद फुलले, आणि उन्हाळ्यात तिनं बी झाडलं.

मृगाच्या आधी तिनं मला बोलावलं. वाफे तयार होते, दोन. बी तिनं कागदात बांधून आड्याला टांगून ठेवलं होतं. ती पुडी तिनं माझ्या हातात दिली. मी ओळखला तो कागद. भजीवाल्यानं परत केलेल्या गठ्ठ्यातला, गुळगुळीत, वर सरकारी चिन्ह.

"दुसरा कागद नव्हता का?" मी विचारलं.

"ह्यो बरा हाय. ओल धरत नाई." तिनं वाफ्यात बोटानं ओळ ओढली. "दोनाचंच भरलं. तिसरा फुडच्या साली. उलगड आता, सांडू नको."

मी उलगडलं. काळं बी माझ्या वाक्यावर पसरलं होतं. वारं सुटलं होतं, म्हणून कागद दोन्ही हातांनी धरून मी वाफ्यापाशी उकिडवी बसले, आणि ती चिमूट चिमूट उचलून पेरत गेली.